निळी कड

६ जानेवारी १९७५, सोमवार

परत आली! अख्खी पेटी परत आली हिंगोलीहून. शेठनी ती सगळ्यांसमोर उघडली आणि एकेक सुरी काढून फळीवर टाकत गेले. दुकानदारानं ट्रकवाल्याच्या तोंडी निरोप दिलाय, ‘चमचे पाठवायचे होते तर तसं कळवायचं.’

हसू येत होतं. पण पुढचं ऐकलं आणि गेलं. तिथल्या स्टँडजवळच्या हॉटेलात एक बाई कांदा चिरत होती. आमची सुरी कापेना म्हणून तिनं जोर दिला. सुरी घसरली, तळहात फाटला. शेठ कालच स्वतः जाऊन बघून आले तिला. बन्सीधरशेठ एरवी लहानसहान गोष्टीला ओरडतात. आज ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, ‘सुरीला धार असती तर त्या बाईचा हात वाचला असता.’

मग माझ्याकडे वळले. ‘केशरबाई, तुम्ही मॅट्रिक झालात. मुठी बसवायचं काम सुलाबाई करतील. उद्यापासून धार तुम्ही बघायची. तुमच्या टेबलावरून गेल्याशिवाय एक पातं पुढे जाणार नाही.’

धारेची चाकं दोनच आहेत आमच्यात. एकावर भुजंगमामा. दुसऱ्यावर हे!

संध्याकाळी सायकलवर मागे बसले तर हे म्हणतात, ‘म्हंजे आता घरात बी तूच साहेब, तिकडं बी तूच.’ आणि हसताना सायकल अशी हलवली की मी पडता पडता वाचले.

७ जानेवारी

टेबल खिडकीपाशी लावून घेतलं. कसं बघायचं ते भुजंगमामांनीच शिकवलं. दोन्ही चाकं थांबवून माझ्याजवळ येऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

‘पातं उजेडात उभं धर. धार दिसली न्हाई पायजे. पांढरी रेघ चमकली म्हंजे बोथट. आता अंगठा आडवा फिरव. उभा न्हाई! आडवा. बारीक पापुद्रा लागला ना कडेला? तो लय बेइमान. दुकानात कागद कापून दावतो, गिऱ्हाईक खूश होतं, आन् घरी दोन कांद्यांत लवून बसतो. तसलं पातं बाजूला टाक. आन् निळी कड दिसली तर इचारू बी नको.’

निळी कड म्हणजे काय, विचारलं. चाकावर पातं जास्त दाबलं की तापतं, कडेला निळं पडतं. भट्टीत तापवून तेलात बुडवताना पोलादाला जे पाणी दिलेलं असतं ते तिथं उतरतं. मग त्याला कितीही धार लावा, टिकत नाही.

किती छान सांगतात! पोखर्णीला त्यांची स्वतःची भट्टी होती. विळे, कुऱ्हाडी, खुरपी, सगळा गाव त्यांच्याकडे. मग बाजारात कारखान्याचे विळे आले आणि भट्टी विझली. आता तेच कारखान्यात. मला एकदा हसून म्हणाले होते, ‘ज्यानं माजी भट्टी इझवली त्याच्याच घरी भाकर खायलोय.’

दिवसभर पाती बघितली. डोळे चुरचुरतात. ह्यांची सगळी चांगली. भुजंगमामांच्या खोक्यात बरीच निळी निघाली. टोकाशी. मला वाटलं माझंच चुकतंय. पुन्हा बघितली. निळीच.

११ जानेवारी, शनिवार

शेठनी आज सांगून टाकलं. दोन चाकांचा माल आता खपत नाही. महिनाभर बघणार. ज्याचा माल माझ्या टेबलावरून जास्त परत जाईल त्याचं चाक बंद.

माझ्या टेबलावरून!

झरीहून आईनं हुरडा पाठवला होता. संध्याकाळी तव्यावर गरम केला, तिळाची चटणी घातली. खाता खाता मी ह्यांना सहज म्हटलं, तुम्हाला काही भीती नाही, बंद होईल ते चाक मामांचंच. निम्म्याच्या वर निळी असतात. हात थांबला ह्यांचा. ‘मामांची? निळी?’ म्हणाले. मी म्हटलं, हो, मलाही नवल वाटतं. हुरडा तसाच ताटात राहिला.

का ते मला कळतं. दुष्काळात राणीसावरगावच्या रस्त्यावर आम्ही दोघं खडी फोडत होतो. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. भुजंगमामा तिथं टिकाव, छिन्न्या शेवटायला, म्हणजे तापवून त्यांची बोथट टोकं पुन्हा काढायला होते. एक दिवस ह्यांना खडीतून उठवून नेलं. ‘हात चांगला हाय तुजा. ये हितं.’ मुकादम कुरकुरला, ह्या वस्तीतला माणूस भात्यावर कशाला. मामा म्हणाले, ‘भाता जात इचारत न्हाई, तू कामून इचारायलास?’ आणि उन्हात आमच्या मडक्यातलं पाणी प्याले. मुद्दाम नाही. तहान लागली होती म्हणून. तेच मला जास्त आवडलं.

त्यानंतर खडी फोडावी लागली नाही ह्यांना. इथं कारखान्यातही मामांनीच आणलं.

२० जानेवारी

काहीतरी विचित्र चाललंय. गेल्या आठवड्यापासून ह्यांची पाती बिघडायला लागलीत. निळी, टोकाशी जाडजूड, पापुद्र्याची. आणि मामांची एकदम सुंदर! उजेडात धरलं की धार नाहीशीच होते.

मामांना सांगितलं तर लहान पोरासारखे खूश. ‘म्हनलं न्हवतं? चाक नवं होतं. बसलं आता.’

आनंद व्हावा तर ह्यांचा खोका समोर.

२१ जानेवारी

आज पुन्हा.

२५ जानेवारी, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत मामांनी ह्यांना सगळ्यांदेखत झापलं. ‘काय शिकवलं रे मी तुला? पातं चाकावर टेकवायचं का रेटायचं? आँ? बैल हाकायलास का?’ हे खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत होते. ‘चुकायलंय मामा,’ एवढंच म्हणाले. सुलाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायला उठले.

त्या निळ्या पात्यांवर बाजूला टाकायची खूण मीच करते. माझ्याच हातानं. माझ्याच नवऱ्याच्या खोक्यावर.

२६ जानेवारी, रविवार

झेंड्याला गेलो. परत येताना विचारलं, काय होतंय तुम्हाला? बरं नाही का? कुणाशी काही झालंय का?

‘काई न्हाई.’

मग असं का? तुम्ही पातं जाळणारे नाही. तुमच्या हातच्या धारेनं मी तीन वर्षं भाजी चिरते.

‘तू तुजं काम कर केशर. वाईट ते वाईटच म्हन. मी तुला काई म्हनलोय का?’

नाही म्हणाले. तेच तर! भांडले असते तर बरं झालं असतं. चाक बंद झालं तर काय करायचं, हे विचारलं तर म्हणतात, ‘हात हायत की.’

३ फेब्रुवारी, सोमवार

बघितलं मी.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर बाभळीखाली बसले होते. चटणी आत टेबलावर राहिली म्हणून मी परत गेले. चाकं बंद. आत फक्त हे. भुजंगमामांच्या खोक्यातली पाती उचलायचे, उजेडात धरून बघायचे आणि निळी असली की आपल्या खोक्यात टाकायचे. आपली चांगली तिकडे. भराभर नाही. निवांत. जसं कुणी तांदूळ निवडावेत.

मला बघून थांबले. तोंडावर ना भीती, ना काही. मी चटणी उचलली आणि बाहेर आले.

मामा बाभळीला टेकून सुलाबाईला सांगत होते, ‘म्हातारपणी हात पुन्हा बसला माजा. देवाची करणी!’

४ फेब्रुवारी

काल घरी बोलणं झालं. चूल पेटवता पेटवता मी विचारलं. ते दारात बसून सायकलची साखळी पुसत होते. तोंड तिकडेच.

‘दिसत न्हाई त्यान्ला,’ म्हणाले. ‘चाकावर ठिणग्या बघून वळखत्यात. बाकी समदं हाताच्या अंदाजानं. पण तापलेलं पातं हाताला कळत न्हाई ना, निळं तर डोळ्यालाच दिसतं.’

त्यांना सांगा मग! डॉक्टरकडे न्या.

‘सांगितलं होतं गेल्या पावसाळ्यात. आठ दिवस बोलले न्हाईत माज्याशी. त्यान्ला वाटतं आपलं काई बिघडलं न्हाई. भट्टी गेली, गाव गेलं, एक हात तेवढा ऱ्हायलाय. तो बी गेला असं कळलं तर मानूस कशावर जगंल?’

आणि आपण? तुमचं चाक गेलं तर?

‘मी तिशीचा न्हाई अजून. खडी फोडीन. त्यान्ला खडी फोडता येत न्हाई.’

मी रडले. मग म्हटलं, तुम्ही मला खोटं करायला लावताय. तर वळून बघितलं माझ्याकडे. ‘एक तरी वाईट पातं बाहेर गेलं का? न्हाई ना? त्या हिंगोलीच्या बाईवानी कुनाचा हात फाटनार न्हाई. नाव तेवढं माजं लागलं. नावाचं काय?’

नावाचं काय! मामा सगळ्यांदेखत झापतात तेव्हा मला काय होतं ते ह्यांना कळत नसेल का?

शपथ घातली आहे. शेठला सांगायचं नाही. मामांना तर नाहीच.

८ फेब्रुवारी

दिवसभर ह्यांच्या खोक्यातली निळी पाती बाजूला टाकली. एकही ह्यांचं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कसं लिहू. पण लिहिते.

चार वाजता शेठनी चाकं थांबवायला सांगितली. सगळ्यांना बोलावलं. आवाज वर न चढवता म्हणाले, ‘पंडित, तू चांगला माणूस आहेस. पण माल बघ. एक तारखेपासून तुझं चाक बंद.’

ह्यांनी मान हलवली. बस्स. जसं काही कुणी पाणी आणायला सांगितलं.

मी ओठ दाबून उभी होते. शपथ आठवत होते. आणि तेवढ्यात भुजंगमामा पुढे झाले. टोपी काढली. ह्या माणसाला मी कुणासमोर टोपी काढून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. ‘शेठ,’ म्हणाले, ‘एक महिना द्या पोराला. मी बसवतो त्याचा हात. माज्या मजुरीतलं कापा पायजे तर. लय हुनर हाय पोरात. कशानं बिघडलं, मला बी कळंना झालंय.’

तिथं माझ्यानं राहवलं नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘मामा, ती पाती तुमची हायत.’

‘केशर!’ हे ओरडले. तीन वर्षांत पहिल्यांदा असे ओरडले. पण मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. सगळं सांगितलं. सुट्टीतलं. अदलाबदल. शेठ ह्यांच्याकडे बघत राहिले.

मामा ह्यांच्या खोक्याकडे गेले, वाकून चाचपडत एक पातं उचललं. अंगठा आडवा फिरवला. मग डोळ्यांजवळ नेलं. आणखी जवळ. नाकाला लागेल इतकं. मग खिडकीपाशी गेले. तिथंही तसंच. मग पातं माझ्यापुढे धरलं आणि हळू विचारलं —

‘निळं हाय का गं?’

‘हाय मामा.’

पातं परत खोक्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. टोपी डोक्यावर घातली. दाराच्या चौकटीला एकदा हात लावून अंदाज घेतला आणि गेले.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे माझ्याशी बोलत नाहीत.

२४ फेब्रुवारी

अजून नाही. ताट वाढते, जेवतात. सायकलवर नेतात, आणतात. मागे माझं वजन आहे की नाही तेही कळत नसेल ह्यांना.

मामा पोखर्णीला निघून गेले. मजुरी घ्यायलाही आले नाहीत. दुसऱ्या चाकावर पोतं टाकलंय. सुलाबाई म्हणते, ‘तू केलं ते बराबर केलं.’ बरोबर केलं तर मग रात्री झोप का लागत नाही?

त्यांची टोपी हातात आणि मी बोलतेय. डोळे मिटले की तेच दिसतं. बाहेर बोलावून सांगता आलं असतं. पण बाहेर बोलावून सांगितलं असतं तर मामांनी ऐकलं असतं का? गेल्या पावसाळ्यात ह्यांचं कुठं ऐकलं?

शेठनी आज टेबलाशी येऊन सांगितलं, होळीच्या आधी गंगाखेडला शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे, बाहेरचे डॉक्टर येणार, फुकट करतात मोतीबिंदू. ‘म्हाताऱ्याला सांगणारं कुणी पाहिजे. माझं तोंड त्याला बघवणार नाही.’

आणि माझं बघवेल?

२ मार्च, रविवार

गेले. ह्यांना सांगून गेले, पोखर्णीला जाते म्हणून. उत्तर नाही. पण स्टँडवर एस.टी. सुटायच्या आधी बघते तर हे सायकल लावून उभे. आत चढले नाहीत. खिडकीतून केळ्यांची फणी दिली. ‘मामींना दे.’ दोन आठवड्यांनी ऐकलेला पहिला शब्द!

पार्वतीमामींनी दारातच मला कुशीत घेतलं. मी काय काय ठरवून गेले होते, सगळं विसरले. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं आलीस. दिवसभर त्या थंड भट्टीसमोर बसून ऱ्हातेत. मला म्हनायचे घरात धूर लय हाय, म्हनून दिसंना. आगं, चूल पेटवायच्या आधी बी धूरच का?’

मामा भट्टीच्या कट्ट्यावर होते. माझा आवाज ओळखला. मान फिरवली. मी खाली मातीत बसले.

‘समद्यांसमोर बोललीस,’ शेवटी म्हणाले.

‘व्हय.’

‘कानात सांगायचं व्हतं.’

‘ऐकलं असतं का तुमी?’

‘न्हाई,’ म्हणाले. मग जरा हसल्यासारखं केलं. ‘लय वाईट न्हाई वाटत त्याचं. वाईट वाटतं ते त्या पोराला झापलं त्याचं. समद्यांदेखत. आन् ते गप गुमान ऐकून घ्यायलं.’ आवाज फुटला त्यांचा. मी दुसरीकडे बघितलं.

शिबिराचं सांगितलं. साफ नाही म्हणाले. डोळ्यात सुरी घालणार, आणि ती कुणाच्या कारखान्यातली, कुणी धार लावलेली, कुणी बघितलेली? ‘त्या सुरीला धार बघायला तू असनार हायस का?’ मला हसावं की रडावं कळेना.

तेव्हा पार्वतीमामी आतून हात पुसत आल्या. ‘मला बी कमी दिसायलंय. मी जानार गंगाखेडला केशरसंगं. तुमाला यायचं तर या, न्हाईतर बसा भाकरीवाचून.’

मामींना चांगलं दिसतं. मला एस.टी.पर्यंत सोडायला आल्या तेव्हा मोटारीचा नंबर वाचून दाखवला त्यांनी, पाटी कुठली तेही सांगितलं.

१० मार्च, सोमवार

मामा आले गंगाखेडला! तीन मैल चालत एस.टी. गाठली म्हणे, मामींच्या मागे मागे, ‘मी तुला सोबत म्हनून चाललो’ म्हणत. शाळेच्या वर्गात रांगेनं गाद्या टाकलेल्या. डॉक्टरांनी मामींना तपासून घरी पाठवलं आणि मामांना ठेवून घेतलं. उद्या सकाळी करणार.

सकाळी निघताना शेठनी ह्यांना विचारलं होतं, चाक तू बंद ठेवून जाणार का? हे म्हणाले, ‘व्हय.’ आता तिकडेच राहिले, मामांजवळ. मी एकटीच परत आले.

१७ मार्च, सोमवार

हे आले. दाढी वाढलेली, कपड्यांना औषधाचा वास. डोळा चांगला झालाय म्हणाले डॉक्टर. पट्टी आहे. भिंगाचा चष्मा महिन्यानं. मामांनी एवढे दिवस सरळ पाठीवर निजून काढले, मान हलवायची नाही म्हणून. ‘पडल्या पडल्या मला शिकवत व्हते. टोक कसं उतरवायचं. हातानं हवेत दावत व्हते.’

मग जेवायला बसले. भाकरी मोडली. म्हणाले, ‘तू बोललीस ते बरं केलंस.’

मी चुलीकडेच बघत राहिले. वळले असते तर रडले असते.

‘पर शपथ मोडलीस माजी.’

‘मोडली.’

‘मेलो का मी?’

आणि हसले! एवढ्या दिवसांनी घरात हसण्याचा आवाज आला. शेजारची चांगुणाबाई डोकावून गेली, काय झालं म्हणून.

५ एप्रिल, शनिवार

ऊन काय तापलंय! पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. शेठनी नांदेडचा नवा माल घेतलाय, चाक एकच म्हणून ह्यांच्यावर सगळा भार. हिंगोलीलाही पुन्हा पेटी गेली, त्या दुकानदारानं ठेवून घेतली. शेठनी त्या हॉटेलातल्या बाईला एक सुरी वेगळी पाठवली, मी निवडलेली.

ह्यांच्या खोक्यात आज काही पाती वाकडी उतरलेली निघाली. निळी नाहीत. एका अंगानं जास्त घासलेली, दुसऱ्या अंगानं जाड. दाखवली तर म्हणाले, ‘घाम येतो, हात सटकतो.’ खरं आहे. थकलेत. एकट्यानं दोन माणसांचं काम.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती. वस्तीत पताका लावतायत. ह्यांना शिडीवर चढायला सांगितलं तर तिसऱ्या पायरीवर पाय चुकला. पडले नाहीत. पोरं हसली, हेही हसले. मी निळ्या कागदाचे तुकडे चिकटवत बसले. आज काही पाती नाहीत, नुसते कागद! बरं वाटलं.

२० एप्रिल, रविवार

मामा आले! मामी सोबत. नाकावर जाड भिंगाचा चष्मा, त्यात डोळे केवढे मोठे दिसतात! दारातच थांबून घरभर बघितलं. भिंत. कंदील. माठ. मग मला. ‘तू अशी दिसतीस व्हय? माज्या ध्यानात उंच व्हतीस.’ सगळे हसलो. चहा केला. मी मुद्दाम एक पातं दिलं हातात. उजेडात उभं धरलं, बघत राहिले, आणि तोंड असं उजळलं त्यांचं. ‘दिसत न्हाई धार,’ म्हणाले. ‘दिसत न्हाई!’ बाहेरच्या कुणाला वाटलं असतं, म्हाताऱ्याचं ऑपरेशन बिघडलं.

शेठनी बोलावलंय त्यांना. चाकावर नाही. माझ्यासोबत टेबलावर, दोन वेळा बघून माल सोडायचा म्हणतात. मामा म्हणाले, येईन.

मग हे आले बाहेरून, मामांच्या पाया पडायला वाकले. मामांनी हनुवटीला धरून वर केलं. ‘बघू दे की रे तुला. दोन वर्सं नुसता आवाज ऐकतोय तुजा.’ बघितलं. आणि हसू थांबलं. हनुवटी तशीच धरून ह्यांचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं.

‘चाकावर डोळ्याला काय लावतोस?’

‘काई न्हाई मामा.’

‘ठिणगी गेली व्हती? कवा?’

मी जवळ गेले. डाव्या बुबुळावर फूल पडलंय. पांढरं. तांदळाच्या कणीएवढं. मी रोज त्या तोंडाकडे बघते.

मामांनी ह्यांच्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला. ‘आता सांग. म्होरं कोन हाय?’

मीच उभी होते समोर. हातभर अंतरावर.

हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘उजेड हाय.’